टाउनो सारेलाचं दुसरं घर

टाउनो सारेला खोटं बोलत नाही, ही आमच्या गावाची जुनी डोकेदुखी आहे. तरुणपणी एकदा त्यानं स्वतःच वनखात्याच्या माणसाला फोन करून कळवलं होतं की, काल मी मारलेलं हरीण शिकारीची वेळ संपल्यावर चार मिनिटांनी पडलं. दंड झाला आणि हरीणही गेलं. त्याची बहीण हेल्मी अजून ते हरीण विसरलेली नाही.

मी ग्वेन ट्रेवार्था. मिशिगनच्या या वरच्या टोकाला, सरोवराकाठच्या आमच्या गावात एकतीस वर्षं पोस्ट सांभाळलं. निवृत्त झाले तेव्हा नवरा म्हणाला, आता तरी लोकांच्या पत्रांतून नाक काढ. मी काढलं आणि लोकांच्या औषधांत घातलं. पासष्टी ओलांडली की सरकारी विमा मिळतो, मेडिकेअर. पण गोळ्या-औषधांचा भाग त्यात वेगळा घ्यावा लागतो आणि तो विकणाऱ्या कंपन्यांची माहितीपत्रकं वाचून धडधाकट माणसालाही चक्कर यावी. म्हणून दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्यापासून दर मंगळवारी मी वाचनालयाच्या तळघरात टेबल मांडून बसते आणि कुणाला कुठली योजना बरी ते बघून देते. काम फुकट. बदल्यात लोक वेलदोडे घातलेला गोड पाव आणतात, आणि माझं वजन वाढतं.

माझा नियम एकच आहे. येताना घरातली औषधं जशीच्या तशी पिशवीत घालून आणायची. माणूस विसरतो, लाजतो, फुशारक्या मारतो. बाटलीवरची चिठ्ठी तसं काही करत नाही.

त्या मंगळवारी हेल्मी टाउनोला अक्षरशः ढकलत खाली घेऊन आली. तो चौऱ्याऐंशीचा, ती अठ्ठ्याहत्तरची. त्यानं लग्न केलं नाही; तिचा नवरा गेला तशी ती माहेरच्या घरी परतली. तेव्हापासून दोघं एकत्र राहतात आणि भांडतात.

“बस इथं,” हेल्मी म्हणाली. “आणि विचारेल त्याची उत्तरं दे. मुका म्हणून नाही आणलेलं तुला.”

“मी ठीक आहे,” टाउनो म्हणाला.

“एप्रिलमध्ये लाकडांच्या खोपीत आडवा पडला होतास, तेव्हाही हेच म्हणालास.”

एप्रिलमधली गोष्ट मला माहीत होती. त्याच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले होते. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी दिली. सकाळी एक, रात्री एक, जन्मभर. नाही घेतली तर रक्ताची गुठळी होऊन कधी मेंदूत जाईल, सांगता येत नाही. गोळीची किंमत मात्र अशी की महिन्याच्या पेन्शनीचा जवळजवळ अर्धा भाग एका बाटलीत जावा.

“औषधांचा विमा तुम्ही घेतलाच नाही?” मी विचारलं.

“घेतला नाही.”

“का?”

“तो सुरू झाला तेव्हा मी सहासष्टचा होतो. अ‍ॅस्पिरिनसुद्धा खाल्ली नव्हती कधी. न खाल्लेल्या गोळ्यांचे पैसे कशाला भरू?”

“ऐकलंस?” हेल्मी म्हणाली. “आणि आता म्हणतो, चूक माझी, दंड माझा.”

दंड तर होताच. वेळेवर नाव न घालणाऱ्याला उशिराच्या प्रत्येक महिन्यामागं हप्त्यात थोडी-थोडी वाढ होते, आणि ती मरेपर्यंत सुटत नाही. टाउनोला अठरा वर्षं उशीर झाला होता. मी मनात हिशेब सुरू केला आणि अर्ध्यातच सोडून दिला.

मग मी पिशवी उघडली. आत सांध्यांना चोळायचं मलम होतं, खोकल्याच्या गोळ्या होत्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांची एक बाटली होती. बाटलीवर नाव हेल्मीचं; तिनं औषधांचा विमा वेळेवर घेतला होता. हृदयाचं दुखणं दोघांनाही आईकडून आलेलं.

“ही तर हेल्मीची आहे.”

“तिची उरते,” टाउनो म्हणाला. “डॉक्टरांनी तिची एकच केली. दुसरी मी घेतो. वाया कशाला घालवायची?”

मी चिठ्ठी वाचली. नऊ दिवसांपूर्वी भरलेली बाटली. सकाळी एक, रात्री एक.

शहाण्या बाईनं इथं गप्प बसायचं असतं. हेल्मीनं टेबलाखालून माझ्या पायावर पायही दिला. पण माझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. “कोण म्हणतं एकच केली? इथं दोन लिहिल्यात, हेल्मी! म्हणजे एप्रिलपासून तू अर्ध्यावर आणि हाही अर्ध्यावर? दोघांनी एकाच शवपेटीतून जायचा बेत आहे की काय?”

टाउनोनं चष्मा काढला, पुसला, घातला. बाटली हातात घेऊन चिठ्ठीवरची ओळन्‌ओळ वाचली. मग बाटली हेल्मीसमोर ठेवली.

“आजपासून दोन्ही तुझ्या,” तो म्हणाला.

“टाउनो, अरे—”

“दोन्ही तुझ्या.”

हेल्मीनं माझ्याकडं पाहिलं. “झालं समाधान? सहा महिने मी त्याला जिवंत ठेवलं, ते तू सहा मिनिटांत मोडलंस.”

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तरी तोंड थांबेना. मी म्हटलं, जादा मदतीसाठी अर्ज करू. कमी पेन्शनीच्या म्हाताऱ्यांसाठी ही सरकारी सवलत आहे. ती मिळाली की गोळी जवळजवळ फुकट मिळते, आणि उशिराचा दंडही माफ होतो.

“केला होता,” टाउनो म्हणाला. “नाही म्हणाले.” त्यानं शर्टाच्या खिशातून चार घड्यांचं पत्र काढलं. हेल्मीलाही ते नवीनच होतं. पत्रात लिहिलं होतं: राहत्या घराशिवाय आपल्या नावे अन्य मालमत्ता असल्याने अर्ज नामंजूर.

“अन्य मालमत्ता? तुमची?” एकतीस वर्षं मी या गावात टपाल वाटलंय. कुणाचं कुत्रं कुठल्या दारात बसतं तेही मला ठाऊक आहे. “कुठली?”

“आहे एक,” टाउनो म्हणाला आणि टोपी घालून जिना चढायला लागला.

पत्र टेबलावरच राहिलं. निकालावर हरकत घ्यायला साठ दिवस असतात. एकावन्न गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात जाऊन नर्सच्या डोक्यावर बसले. औषध कंपन्या डॉक्टरांना नमुन्याची पाकिटं देतात. तिनं कपाट रिकामं करून मला दोन आठवड्यांपुरती दिली. ती घेऊन मी सारेलांच्या घरी गेले. हेल्मीनं दार उघडलं, पाकिटं घेतली, “तो पलीकडं आहे,” म्हणाली आणि दार लावलं. कॉफी विचारली नाही. या फिनिश लोकांच्या घरी कॉफी न विचारणं म्हणजे थोबाडीत देणं. माझे आजोबा इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून इथल्या खाणीत आलेले, पण मी नवरा फिनिश केलाय, त्यामुळं थोबाडीत कधी बसली ते मला कळतं.

टाउनो रस्त्यापलीकडं, सरोवराच्या काठाला, साउनापाशी लाकडं रचत होता. साउना म्हणजे ओंडक्यांची एक बुटकी खोली. आत चूल, चुलीवर दगड, आणि घामाघूम व्हायला दोन फळ्या. तिथं मी शंभरदा बसलेय. आज मात्र चारी कोपऱ्यांना जमिनीत खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि त्यांना नारिंगी फिती बांधल्या होत्या.

“हे काय?”

“शिकागोचा माणूस. काठाला बंगला बांधतोय,” टाउनो म्हणाला. “त्याला ही जागा पाहिजे. सोमवारी सही. मग गोळ्या येतील. तिच्या तिला राहतील.”

“साउना विकताय?”

“दुसरं घर असलेल्या माणसाला सरकार मदत देत नाही. बरोबरच आहे. मग दुसरं घर विकायचं.”

मी त्या बुटक्या खोलीकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, पुन्हा खोलीकडं बघितलं. “टाउनो, अर्जात तुम्ही जे दुसरं घर लिहिलं ते... हे?”

“माझा जन्म इथं झाला,” तो म्हणाला. “बाबांनी आधी हे बांधलं. दोन हिवाळे सगळे इथंच राहिलो, मग पलीकडचं झालं. बाबा याला जुनं घर म्हणायचे. कराचं बिलही वेगळं येतं. त्यांनी विचारलं, दुसरं घर आहे का? मी लिहिलं, आहे.”

“आणि किंमत?”

“शिकागोवाला देतो ती.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला हसू यावं की त्याच्या डोक्यात ओंडका घालावा, कळेना. साउनाला घर म्हणायचं, आणि वर श्रीमंत माणसानं हौसेपोटी फेकलेला आकडा सरकारला लिहून द्यायचा! दुसरा कुणी असता तर तो रकाना कोरा सोडून मोकळा झाला असता.

“हे बघा,” मी म्हटलं, “तुम्ही हे विकलंत तर पैसा बँकेत येईल. मग तुम्ही खरोखरच श्रीमंत. मदत कायमची गेली. आणि तो पैसा गोळ्यांत संपेपर्यंत बसायचं. संपला की साउनाही नाही, गोळीही नाही.”

हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तो लाकडांच्या राशीवर टेकला. “मग काय करू?” त्यानं विचारलं. टाउनो सारेलाच्या तोंडून हा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

गुरुवारी त्यांच्या स्वयंपाकघरातून मी सरकारी कचेरीला फोन लावला. फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. हेल्मी चुलीशी, आमच्याकडं पाठ करून उभी. चाळीस मिनिटं बासरी ऐकवल्यावर एक मुलगी बोलली. तिचं नाव ओर्टिझ. बोलण्यावरून दक्षिणेची, टेक्सासकडची वाटली.

“मॅडम, दुसऱ्या घरात स्वयंपाकघर आहे का?”

“नाही.”

“झोपायची खोली?”

“नाही.”

“बाथरूम?”

“बाई, ते सगळंच बाथरूम आहे,” मी म्हटलं.

पलीकडं टाइप करणं थांबलं. “म्हणजे... तिथं कुणी राहत नाही?”

“शनिवारी राहतो,” टाउनो म्हणाला. मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. “शनिवारी संध्याकाळी दोन तास,” त्यानं आणखी खुलासा केला.

“राहत्या घरापासून किती लांब, सर?”

“त्र्याहत्तर पावलं. मध्ये रस्ता आहे.”

रस्ता मध्ये आला म्हणजे जागा वेगळीच धरणार, असं मी धरून चालले. मुलगी म्हणाली, साहेबांना विचारते. पुन्हा बासरी. हेल्मी भांडं घासत होती. एकच भांडं, तेच ते. टाउनो आपल्या हातांकडं बघत बसला होता. नमुन्याची पाकिटं टेबलाच्या कडेला एकावर एक ठेवली होती आणि आम्ही तिघंही तिकडं न बघायचा प्रयत्न करत होतो.

“मॅडम?” मुलगी परत आली. “राहत्या घराला लागून असलेली जमीन आणि तिच्यावरचं बांधकाम घरातच धरतात. मधून सार्वजनिक रस्ता गेला तरी ती लागूनच समजतात. आधी हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. अर्जात ‘दुसरं घर’ एवढंच लिहिलंय. सरांनी दोन ओळी लिहून द्याव्यात की ते बांधकाम राहत्या घराचाच भाग आहे, आणि जमिनीचा नकाशा जोडावा. मी आजच हरकत नोंदवून घेते.”

मी जवळजवळ टेबलावर चढले. कागद टाउनोपुढं सरकवला, पेन दिलं. त्यानं पेन खाली ठेवलं.

“बाबा त्याला घर म्हणायचे,” तो म्हणाला. “मी खोटं लिहिणार नाही.”

“अहो, दोन ओळी—”

“गोळीसाठी खोटं लिहिणार नाही.”

माझा तोल गेला. मी त्याला काय-काय बोलले ते इथं लिहीत नाही. ओर्टिझनं ऐकलं, तेवढं पुरे आहे. टाउनो ढिम्म. तेवढ्यात हेल्मीनं हातातलं भांडं आपटलं आणि ती वळली.

“टाउनो सारेला, या घरात न्हाणीघर कुठाय?”

त्यानं पेन आणखी लांब सरकवलं.

“सांग ना. चौऱ्याऐंशी वर्षं झाली. अंघोळ कुठं करतोस तू?”

“पलीकडं.”

“आई गेली तेव्हा तिला न्हाऊ कुठं घातलं?”

“पलीकडं.”

“ज्या घरात माणसाला अंग धुता येत नाही ते घर कसलं? हे अर्धंच आहे. राहिलेलं अर्धं पलीकडं. बाबांनी दोन्ही बांधली तेव्हा मध्ये गवत होतं. रस्ता नंतर आला, सरकारनं आणला. सरकारनं आपल्या घरातून रस्ता नेला आणि तू सरकारला लिहून देतोस की माझी घरं दोन? खोटं तर तू आधी लिहिलंस!”

असलं काही टाउनोला कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले. तो खिडकीतून बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिला. एक ट्रक गेला. मग त्यानं पेन उचललं आणि मोठ्या, सावकाश अक्षरांत लिहिलं: “आमचं घर एकच आहे. रस्ता त्याच्या मधून जातो. आधी मी चुकीचं लिहिलं होतं.” खाली सही केली आणि तारीख घातली.

“सर?” फोनमधून ओर्टिझ म्हणाली. “छान लिहिलंत.”

हेल्मीनं कॉफी ओतली. कप दोनच काढले, एक त्याला आणि एक स्वतःला. मी मुकाट्यानं नकाशा आणायला जिल्ह्याच्या कचेरीत गेले.

शिकागोवाल्याला सोमवारी नकार कळवला. पहिली दोन आठवड्यांची पाकिटं संपली. मी नर्सकडं पुन्हा गेले, तिनं शेजारच्या गावातल्या दवाखान्यातून आणखी आठवड्याची मागवली. टाउनो पाकिटातल्या गोळ्या घ्यायचा. बहिणीच्या बाटलीला हात लावायचा नाही. त्या तीन आठवड्यांत मी देवाला जेवढं छळलं तेवढं नवऱ्यालाही कधी छळलेलं नाही. मी बोलले नसते तर निदान अर्धी तरी गोळी त्याच्या पोटात जात होती, हे काही केल्या मनातून जाईना.

पाकिटातल्या शेवटच्या चार गोळ्या राहिल्या असताना पत्र आलं. टाउनो ते न उघडता माझ्या घरी घेऊन आला. “तू उघड,” म्हणाला. “तुला पत्रांची सवय आहे.”

मंजूर. पूर्ण सवलत. दंड माफ. माझा जीव भांड्यात पडला, आणि मी त्या म्हाताऱ्याला मिठी मारली. फिनिश माणसाला मिठी मारणं म्हणजे कुंपणाच्या खांबाला मिठी मारणं, पण त्या दिवशी खांबानंही माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं. कंपनीची योजना पुढच्या महिन्यापासून लागणार होती. तोवर सरकारची तात्पुरती सोय असते, ती औषधवाल्यानं तिथल्या तिथं कॉम्प्युटरवर लावून दिली. महिन्याभराच्या गोळ्या आमच्याकडच्या दोन पास्टींच्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्यांच्या, किमतीत मिळाल्या. टाउनोनं पावती दोनदा वाचली आणि औषधवाल्याला विचारलं, “कमी तर नाही ना घेतले?”

शुक्रवारी फोन वाजला. हेल्मी. “उद्या चारला ये,” ती म्हणाली. “टॉवेल आण.” आणि ठेवला. तीन आठवड्यांनी तिचा आवाज ऐकला होता.

शनिवारी आम्ही दोघी साउनात वरच्या फळीवर बसलो होतो. टाउनो आमच्यानंतर येणार होता. हेल्मीनं पळीनं दगडांवर पाणी टाकलं, आणि वाफ अंगावर आली. मग तीच बोलली.

“तू बोललीस ते बरं झालं. पण मी तुला अजून माफ केलेलं नाही.”

“नको करूस.”

“सहा महिने मी धड झोपले नाही, ग्वेन. मरायची भीती नव्हती. एवढंच वाटायचं, की मी सकाळी उठलेच नाही, तर त्याला गोळी कोण देणार? माझ्या बाटलीतून स्वतः काढून घेणारा आहे का तो? समोर ठेवली तरच घ्यायचा. म्हणून जागी राहायचे. पहाटे उठून गोळी त्याच्या ताटलीत ठेवली की मग बसल्या-बसल्या डुलकी.” तिनं घाम पुसला. “काल रात्री नऊला पडले ती सकाळी सातला जाग आली. चूल पेटलेली. कॉफी झालेली. आणि म्हातारा आपली गोळी आपल्या हातानं घेऊन बसलेला.”

मी रडायला लागले. वाफेत कुणाला कळत नाही म्हणतात, पण हेल्मीला कळलं.

“रडायचं तर रड,” ती म्हणाली, “पण आधी पळीभर पाणी टाक. गार होतंय.”